टिकाऊपणाचा धनी

टिकाऊपणा हा वस्तूचा गुण होय, याविषयी आपल्या समाजात सहसा कोणी शंका घेत नाही. आजीच्या वेळचे तांब्याचे घंगाळ, आजोबांची सागवानी पेटी, दगडी पाटा-वरवंटा यांचे वर्णन करताना आपल्या बोलण्यात जो अभिमान उतरतो, तो त्या वस्तूंच्या सौंदर्याचा क्वचितच असतो. त्या पुष्कळ दिवस टिकल्या, आपल्यापेक्षा वयाने मोठ्या असूनही आपल्या उपयोगी पडल्या, याचाच तो असतो. बदलीच्या नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांना तर या गुणाची किंमत अधिकच कळते. दर काही वर्षांनी बिऱ्हाड हलवावे लागते, आणि वाटेत काय तगले व काय मोडले याचा हिशेब नव्या गावी पहिल्या रात्रीच होतो. त्यामुळे ‘वस्तू घ्यावी तर टिकाऊ घ्यावी’ हे वचन आपल्याला इतके निर्विवाद वाटते, की त्यात नीतीचा काही प्रश्न दडलेला असेल हे मनातही येत नाही.

तसा प्रश्न त्यात आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याला निमित्त झाले ते मात्र अगदी दूरचे. समुद्रापासून शेकडो कोस अंतरावर असलेल्या चंदीगडात बसून कोणी ज्याचा विचार करू नये, असे. माझा एक भाचा व्यापारी जहाजावर नोकरीस आहे. सुटीच्या दिवसांत, जेथे अशा शिकारीस मुभा आहे अशा किनाऱ्यांवर, श्वास रोखून बुडी मारावयाची आणि हातातल्या भाल्याने मासा टिपावयाचा, हा नाद त्याला लागला आहे. मामा कचेरीत खरेदीच्या टेबलावर बसतो, निविदा आणि नमुने पाहतो. तेव्हा कोणते साहित्य अधिक काळ टिकेल, हे मामाने सांगावे, असे त्याने मला लिहिले. प्रश्न व्यवहाराचा होता. उत्तर शोधू लागल्यावर तो व्यवहाराचा राहिला नाही.

या शिकारीचे स्वरूप आधी नीट समजून घेतले पाहिजे. तीत हवेची टाकी पाठीवर नसते. फ्रान्स, इटली यांसारख्या देशांत तर टाकी बांधून भाल्याने शिकार करण्यास कायद्याने मनाई आहे. शिकाऱ्याजवळ असतो तो केवळ एक श्वास. योगशास्त्रात ज्याला कुंभक म्हणतात, तोच येथे धंद्याचे भांडवल होतो. दहा मीटर खाली गेले की पाण्याचा दाब भूपृष्ठावरील हवेच्या दाबाच्या दुप्पट होतो आणि छातीतील हवेचे आकारमान निम्म्यावर येते. इंडोनेशिया, फिलिपिन्स व मलेशिया यांच्या समुद्रांत पिढ्यान् पिढ्या असे जगणारे बाजाऊ लोक आहेत. लाकडी चौकटीचे चष्मे लावून ते खोल बुड्या मारतात, आणि त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी लोकांच्या प्लीहेपेक्षा सुमारे निम्म्याने मोठी असते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. जपानमधील आमा स्त्रियाही केवळ श्वासाच्या बळावर समुद्रतळाचे शिंपले वर आणतात. या सर्वांच्या कामाला एक मर्यादा आहे, आणि ती कायद्याने घातलेली नसून छातीने घातलेली आहे. श्वास संपला की शिकार संपली.

लोकांत रूढ असलेल्या कथेत अर्जुन पाण्यातील प्रतिबिंब पाहून वरचा मत्स्य भेदतो. या शिकाऱ्याचे काम त्याच्या उलट आहे. प्रतिबिंब मागे टाकून त्याला माशाच्याच घरात शिरावे लागते. काठावरून पाहणाऱ्याला मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. काचेचा चष्मा लावून पाण्यात उतरलेल्याला तो असतो त्यापेक्षा जवळ आणि मोठा दिसतो. दोन्हीकडे दृष्टिभ्रम आहेच. परंतु बुडी मारणाऱ्याला एक संधी मिळते, जी जाळे टाकणाऱ्याला मिळत नाही: आपण कोणाला मारणार आहोत, हे मारण्यापूर्वी त्याला दिसते.

आता साहित्याकडे वळू. भाल्याची सळई पोलादाची. गंजरोधक पोलादात क्रोमियम असते. हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ कवच तयार होते, आणि ते कवच पोलादाचे रक्षण करते. खाऱ्या पाण्याला अधिक दाद न देणारे पोलादही मिळते, पण ते तुलनेने मऊ असल्यामुळे खडकावर आपटले की वाकते. जे कठीण व लवचिक असते, ते लवकर गंजते. दोन्ही गुण एकाच सळईत पूर्णांशाने मिळत नाहीत. भाला सोडण्याच्या यंत्राचा दांडा कित्येक कारागीर सागवानाचा करतात, कारण सागात मुळातच तेल असते आणि ते लाकूड पाण्यात फारसे फुगत नाही. ताण देणारे रबर मात्र उन्हाने आणि हवेने तडकते. ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. सळईला बांधलेली दोरी खडकाशी घासून झिजते. या सगळ्यांची यादी करू लागलो, तेव्हा माझ्या ध्यानात आले की ‘टिकाऊ साहित्य’ अशी एक वस्तू नाहीच. टिकण्याच्या निरनिराळ्या मुदती असलेल्या अनेक वस्तूंचा तो एक संसार आहे. आणि कोणत्याही संसाराप्रमाणे त्यातील काही घटकांनी टिकावे व काहींनी वेळीच बाजूला व्हावे, यावरच त्याचे क्षेम अवलंबून आहे.

हे केवळ अलंकारिक बोलणे नव्हे. बुडी मारताना कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा बांधतात. त्या पट्ट्याचा चाप एका हाताच्या हिसक्यासरशी सुटला पाहिजे, हा त्या शास्त्रातला पहिला नियम आहे. पट्टा कितीही मजबूत असो; आणीबाणीच्या क्षणी जो सुटत नाही, तो धन्याला तळाशी नेतो. तसेच भाल्याचे यंत्र मनगटाला बांधू नये, असे जाणकार बजावून सांगतात. मोठा मासा सळईसह खडकाच्या कपारीत शिरला, तर हातातले सोडून देऊन वर येता आले पाहिजे. साहित्य मोलाचे असते, मासाही मोठा असतो, आणि श्वास थोडा उरलेला असतो. त्या वेळी ‘एवढी महाग वस्तू कशी सोडू?’ हा विचार माणसाचा घात करतो. म्हणजे टिकाऊपणाची पहिली मर्यादा वस्तूच्या धन्याच्याच जिवाशी निगडित आहे. जे घट्ट धरून ठेवते ते सर्वच आपले रक्षण करते असे नाही.

या शहराच्या पहिल्या सेक्टरात सव्वीस मीटर उंचीचा एक धातूचा हात उभा आहे आणि वाऱ्याबरोबर तो फिरतो. ल कॉर्बुझिए याने तो कल्पिला. १९६५ च्या ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्रात पोहत असता तो मरण पावला, आणि हात प्रत्यक्ष उभा राहिला १९८५ साली. देण्यासाठी उघडा आणि घेण्यासाठीही उघडा, असा त्या हाताचा अर्थ त्याने सांगितला होता. येथे राहणाऱ्यांना तो हात इतका परिचयाचा होतो की त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. मला मात्र भाच्याच्या पत्रानंतर त्या हाताचा एक तिसरा अर्थ जाणवू लागला: ज्याला वेळ आली असता सोडता येते, तोच हात खरोखर उघडा.

परंतु प्रश्न येथे संपत नाही, कारण टिकाऊपणाने धन्याचे नुकसान झाले तर तो निदान आपल्या कृत्याचे फळ भोगतो. त्याहून बिकट गोष्ट ती, की जेव्हा एखादी वस्तू धन्याला काहीच त्रास न देता इतरांचा जीव घेत राहते. आपल्या कोकणकिनाऱ्यावर पूर्वी सुताची आणि सणाची जाळी असत. ती भिजली की वाळत घालावी लागत, झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून मुरवावी लागत, रोज उसवलेली भोके सांधावी लागत. एवढे करूनही ती कुजत. १९३५ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स याने नायलॉन तयार केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या जाळ्यांत त्याने हळूहळू सुताची जागा घेतली. नायलॉन कुजत नाही, वजनाला हलके असते, पाण्यात दिसत नाही. कोळ्याच्या घरातले किती श्रम त्याने वाचविले, याची कल्पना ज्याने ओले सुती जाळे कधी उचललेले नाही त्याला येणार नाही.

मात्र तेच जाळे वादळात तुटले, खडकाला अडकून राहिले, किंवा निकामी म्हणून समुद्रातच टाकून दिले, तर ते तेथे मासे धरीतच राहते. धरलेला मासा काढायला कोणी येत नाही. तो मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो, तोही अडकतो. कासवे आणि डॉल्फिन अडकतात. सुती जाळे हरवले, तर काही काळात समुद्र त्याची माती करीत असे. नायलॉनचे जाळे त्याच्या धन्यानंतर, कदाचित धन्याच्या नातवानंतरही, तळाशी आपले काम चालू ठेवू शकते. अशा जाळ्यांना जगात ‘भुताची जाळी’ म्हणतात. आपल्या कल्पनेत भूत म्हणजे वासना शिल्लक राहून देह गेलेला जीव. येथे उलट आहे. वासना संपली, धनी घरी जाऊन जेवून झोपला, आणि देह मात्र शिल्लक राहून शिकार करीत आहे.

भाला आणि जाळे यांतील नैतिक भेद मला येथे दिसतो. भाल्याची मारकशक्ती शिकाऱ्याच्या श्वासाला बांधलेली आहे. हात सुटला की भाला ही केवळ एक गंजणारी सळई उरते. जाळ्याची मारकशक्ती कोणाच्याही श्वासाला बांधलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, की तर मग भालेकरी पुण्यवान आणि कोळी पापी असा निवाडा झाला. तो निवाडा मला मुळीच मान्य नाही, आणि तो करण्याचा अधिकार महिन्याच्या अखेरीस ठरलेला पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला तर नाहीच. भाल्याने शिकार करणारा माझा भाचा हौसेने समुद्रात उतरतो. जाळे टाकणारा पोटासाठी उतरतो, आणि त्याचे जाळे बहुधा कर्जाने घेतलेले असते. त्याने टिकाऊ जाळे घेऊ नये असे सांगणे म्हणजे त्याने दर दोन वर्षांनी नवे कर्ज काढावे असे सांगणे होय. शिवाय निवड करता येते म्हणून भालेकरी निर्दोष ठरतो, असेही नाही. दिसणाऱ्यांतला सर्वांत मोठा मासा निवडण्याचा मोह त्याला होतो. आपण ज्याला हेकरू म्हणतो त्या जातीच्या माशांत कित्येक प्रकार असे आहेत, की ते आधी मादी असतात आणि वाढल्यावर त्यांतील काही नर होतात; तेव्हा मोठे तेवढे टिपून काढले, तर त्या खडकावरचे नरच नाहीसे होण्याचा संभव असतो. ज्याला दिसते त्याच्यावर, न दिसणाऱ्यापेक्षा अधिक भार येतो. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून शेतांकडे येतात आणि लोक काठ्या-कोयते घेऊन त्यांच्यावर तुटून पडतात, तेव्हा त्यांच्या हातात नायलॉनचा धागाही नसतो. तरीही त्या शिकारीला निष्पाप म्हणवत नाही. म्हणून केवळ साधनाच्या साधेपणावरून माणसाची नीती ठरविता येत नाही.

मग टिकाऊपणाचा विचार कोणत्या मापाने करावा? माझ्या अल्पमतीप्रमाणे टिकाऊपणाचे दोन प्रकार मानले पाहिजेत. एक विकत मिळणारा, आणि दुसरा राखावा लागणारा. नायलॉनचा टिकाऊपणा पहिल्या प्रकारचा आहे. पैसे दिले की तो वस्तूबरोबर घरी येतो आणि पुढे आपल्याकडून काही मागत नाही. सुती जाळ्याचा टिकाऊपणा दुसऱ्या प्रकारचा होता. तो रोजच्या वाळवण्यात, मुरवण्यात आणि सांधण्यात होता. जी वस्तू देखभाल मागते, ती धन्याला आपल्याशी बांधून ठेवते. ती कोठे आहे, कशी आहे, हे त्याला रोज पाहावे लागते. जी काहीच मागत नाही, ती त्याला मोकळा सोडते. मोकळा सोडणे हे सुखाचे आहे, यात शंका नाही. पण ते सुख दुहेरी असते: धनी वस्तूपासून मोकळा होतो, तशी वस्तूही धन्यापासून मोकळी होते.

गंजरोधक पोलादाविषयी जी एक गोष्ट मला या निमित्ताने नव्याने कळली, ती येथे सांगण्यासारखी आहे. असे पोलाद उघड्यावर ठेवले तर त्याचे कवच हवेतील प्राणवायूने पुन्हा पुन्हा भरून येते. परंतु खारी ओल असलेल्या म्यानात किंवा एखाद्या घट्ट फटीत ते बंद करून ठेवले, की प्राणवायू न मिळाल्याने नेमके तेथेच कवच फुटते आणि गंज आत शिरतो. म्हणून समुद्रातून वर आल्यावर सळई गोड्या पाण्याने धुऊन वाऱ्यावर सुकवावी, असा परिपाठ आहे. ज्याला आपण न गंजणारे समजतो, तेसुद्धा जपून बंद करून ठेवल्याने गंजते आणि हाताळून मोकळे ठेवल्याने टिकते. ‘न गंजणारे’ हा शब्द दुकानदाराचा आहे. पोलादाला तो ठाऊक नाही.

याच शहरातील सुखना तलावाचे उदाहरण घ्या. १९५८ साली शिवालिकच्या डोंगरांतून येणारा ओढा अडवून तो बांधला. बांध पक्का होता, पण डोंगरातून येणाऱ्या गाळाने तलाव भरू लागला, आणि अखेरीस नागरिकांनी फावडी-घमेली घेऊन श्रमदानाने तो उपसला. २०२० साली येथील उच्च न्यायालयाने त्या तलावाला सजीव व्यक्तीचा दर्जा असल्याचे घोषित केले आणि नागरिकांना त्याचे पालक ठरविले. कायद्याच्या दृष्टीने त्या निर्णयाचे काय मूल्य आहे, हा माझा विषय नव्हे. मला त्यातला ‘पालक’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. तलाव टिकला तो बांधाच्या मजबुतीने जेवढा, तेवढाच कोणीतरी त्याचा धनी होऊन गाळ उपसल्याने.

आपल्या कचेऱ्यांत ही गोष्ट आपण फार पूर्वीच मान्य केलेली आहे, फक्त तिच्याकडे नीतिशास्त्र म्हणून आपण पाहत नाही. फाईल बंद करताना तिची वर्गवारी करावी लागते. ‘ए’ आणि ‘बी’ वर्गातील कागद जतन करावयाचे, ‘सी’ वर्गातील ठरावीक वर्षांनी नष्ट करावयाचे. आणि ते वर्ष फाईलवर लिहून ठेवावयाचे. प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट साठ्याच्या नोंदवहीत असते, वर्षातून एकदा त्याची प्रत्यक्ष पडताळणी होते, आणि निकामी झालेली वस्तू रीतसर नोंद करूनच निकालात काढावी लागते. हा खटाटोप आपल्याला कंटाळवाणा वाटतो आणि बाहेरचे लोक त्याची थट्टा करतात. पण त्याच्या मुळाशी एक विचार आहे: वस्तू जगात आणणाऱ्याने तिच्या शेवटाचीही नोंद ठेवली पाहिजे. सरकारी पैसा खर्च करताना, शहाणा मनुष्य स्वतःचा पैसा खर्च करताना जेवढी दक्षता घेतो तेवढी घ्यावी, असे वित्तीय नियम आपल्याला सांगतात. समुद्राच्या तळाशी अशी नोंदवही नाही. तेथे हरवलेले जाळे कोणाच्याच नावावर नसते. म्हणून ते सर्वांच्या नावावर चढते.

अर्थात सर्व भार एकट्या कोळ्यावर टाकून चालणार नाही, आणि हे आपल्या राज्याने थोडेबहुत ओळखले, ही समाधानाची गोष्ट आहे. जाळ्यात सापडलेला संरक्षित सागरी प्राणी सोडविण्यासाठी मच्छिमाराने स्वतःचे जाळे कापले, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या डिसेंबरात घेतला. मला या योजनेत दयेपेक्षा न्याय अधिक दिसतो. जाळे कापण्याचा निर्णय त्या क्षणी एकट्या माणसाला, हलत्या होडीवर घ्यावा लागतो. त्याची किंमत मात्र त्या एकट्याने भरू नये, असे समाजाने त्याला आधीच सांगून ठेवलेले आहे. ज्याला सोडून देणे परवडत नाही, त्याला ‘सोड’ म्हणणे हा उपदेश नव्हे, क्रौर्य आहे.

भाच्याला मी उत्तर लिहिले ते असे: सळई कठीण पोलादाची घे आणि दर वेळी धुऊन वाऱ्यावर ठेव, दांडा सागवानी मिळाला तर तो घे, कारण तो तासून आणि तेल लावून पुन्हा नीट करता येतो, रबर स्वस्त असले तरी चालेल, पण त्याची तारीख लिहून ठेव आणि तडा दिसण्यापूर्वी बदल, पट्ट्याचा चाप मात्र कमी दराचा घेऊ नकोस. बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेऊन श्वासाची भूक फसवू नकोस. ती भूकच तुला वेळेवर वर आणणारी आहे. एकटा उतरू नकोस. आणि जे साहित्य हरवले तर ते कोठे पडले आहे हे तुला ठाऊक नसेल, आणि ठाऊक असूनही ते आणण्यास तू परत जाणार नसशील, ते साहित्य कितीही टिकाऊ असले तरी तुझ्या कामाचे नाही.

शेवटचे वाक्य लिहिताना मी भाल्यापुरताच विचार करीत होतो, असे मात्र म्हणता येणार नाही. आपण सर्वजण आज पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक टिकणाऱ्या वस्तू आपल्यामागे ठेवून एका गावाहून दुसऱ्या गावी जात आहोत. घराची किल्ली परत करताना भिंतीवरचे खिळे काढून भोके बुजविणारे भाडेकरी आपण पाहिले आहेत, आणि न बुजविणारेही. पुढे येणाऱ्याला आपले नाव कळणार नसते. भोक बुजविले काय आणि न बुजविले काय, आपल्या सेवापुस्तिकेत त्याची नोंद होत नाही. टिकाऊ वस्तूच्या धन्याची परीक्षा नेमकी तेथे होते, जेथे त्याला कोणी विचारणारे नसते. समुद्र विचारत नाही. म्हणून त्याच्याविषयीचे उत्तर आपले आपणच तयार ठेवले पाहिजे.